रिपीटरचा पट्टा निवडताना आधी रान बघा



बेणं आणायला निघण्याआधी आपण रान बघतो. निचऱ्याची, कसदार जमीन असेल तर ८६०३२ चा विचार करतो. जमीन चोपण झाली असेल तर २६५ कडे वळतो. शेजाऱ्याला एकरी किती टन पडला हे कान देऊन ऐकतो, पण त्याचं रान आणि आपलं रान एक नव्हे, हे शहाणा शेतकरी विसरत नाही. आज मी ज्या विषयावर लिहिणार आहे तो उसाचा नाही, बिनतारी यंत्राचा आहे. पण न्याय तोच लागू पडतो, म्हणून सुरुवात बेण्यापासून केली.

आपल्या कार्यक्षेत्रात हौशी बिनतारी केंद्रांसाठी एक रिपीटर बसवावा आणि त्याला कारखान्याने हातभार लावावा, अशी सूचना काही सभासदांनी पुढे आणली आहे. सूचना चांगली आहे. पण ती आल्यापासून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो दोन मीटरचा बँड घ्या, दुसरा म्हणतो सत्तर सेंटिमीटरचा घ्या. ऐकणाऱ्यांच्या पदरात मात्र काहीच पडत नाही. परवा गव्हाणीजवळ एका आबांनी मला अडवून विचारलं, "बँड कुठला सांगायचा म्हणून भांडताय म्हणं? कारखान्याचं लगीन हाय का काय?"

आबांना तिथं उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे मांडतो. मी पूर्वी लष्कराच्या सिग्नल विभागात होतो. निवृत्तीनंतर ऊस करतो आणि हौशी बिनतारीचा परवाना बाळगून आहे. तेव्हा या बाबतीत माझं मत आहे, आणि ते मी लपवून ठेवणार नाही.

हे हवंच कशाला?

पहिला प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हा खटाटोप कशासाठी?

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी त्या आठवड्यात वाडीतच होतो. आधी वीज गेली. मग मोबाईलच्या मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या, त्याच्या जनरेटरला डिझेल घालायला माणूस पोचेना, आणि दोन दिवसांत सगळ्यांचे फोन मुके झाले. आमच्या चुलतीचं इन्सुलिन संपलं होतं. बोट आली ती पलीकडच्या गल्लीत येऊन गेली, कारण अलीकडे कोणाला काय हवं हे बोटवाल्यांना कळायला मार्गच नव्हता. मदत नव्हती असं नाही, पण निरोप पोचत नव्हता. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं. पुढेही येणार नाही असं कोणी छातीठोक सांगावं!

हौशी बिनतारीवाल्यांची उपयुक्तता ही काही ऐकीव गोष्ट नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांची हौशी तुकडी आपल्या छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेलेली होती. अंदमान-निकोबारचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, तेव्हा त्यांनी छंद बाजूला ठेवून निरोप पोचवायचं काम हाती घेतलं. यंत्रं आणि माणसं तिथं आधीच होती, म्हणून ते जमलं. पूर आल्यावर यंत्र मागवणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

रिपीटर म्हणजे काय?

हातातला बिनतारी सेट साधारण पाच वॉटचा असतो. त्याची लाट सरळ रेषेत जाते. वाटेत घर, झाड, चढ आला की अडते. वाडीतून वाडीत बोलायला सपाट रानात चार-सहा किलोमीटरच्या पुढे खात्री देता येत नाही. म्हणून उंच जागी एक यंत्र ठेवतात. ते खालून आलेला क्षीण आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्या ताकदीने सगळीकडे सांगतं. गावच्या दवंडीवाल्यासारखं. चावडीत ऐकलं ते वेशीवर उभं राहून ओरडलं. यालाच रिपीटर म्हणायचं.

अडचण एकच. ऐकणं आणि ओरडणं एकाच वेळी चालतं. मिल चालू असताना तिच्या शेजारी उभं राहून कोणाची कुजबूज ऐकता येईल का? तसाच प्रकार. म्हणून दोन फ्रिक्वेन्सींमध्ये अंतर ठेवतात आणि आपलाच आवाज आपल्याच कानात जाऊ नये म्हणून मध्ये गाळणीचे डबे बसवतात. हे डबे पुढे हिशेबात येणार आहेत, लक्षात ठेवा.

आता बँड, म्हणजे पट्टा. सरकारने हौशी लोकांना फ्रिक्वेन्सीचे काही पट्टे वाटून दिलेत. आपल्या वादातला एक आहे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्याची लाट सुमारे दोन मीटर लांब, म्हणून तो दोन मीटर बँड. दुसरा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. त्याची लाट सुमारे सत्तर सेंटिमीटर, म्हणून ते नाव. पहिल्याच्या मानाने दुसऱ्याची लाट एक तृतीयांश. सगळा वाद या एक-तृतीयांशातून निघतो.

सत्तर सेंटिमीटरवाल्यांचं म्हणणं

दुसऱ्या पक्षाची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो. त्यांच्या म्हणण्यात दम नाही असं मुळीच नाही.

एक, लाट लहान म्हणून सगळं सामान लहान. दोन मीटरच्या गाळणीचा एकेक डबा अर्ध्या मीटरहून उंच आणि असे चार-सहा लागतात. कारण दोन मीटरवर ऐकण्या-बोलण्यातलं प्रचलित अंतर अवघं ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे एका मेगाहर्ट्झच्या निम्म्याला थोडं वर. इतक्या जवळचे दोन आवाज वेगळे करायचे तर गाळणी मोठी आणि बारीक हवी. सत्तर सेंटिमीटरवर अंतर जास्त ठेवता येतं, डबे लहान, खर्च कमी.

दोन, गोंगाट. मोटारीचे स्टार्टर, इन्व्हर्टर, एलईडी दिव्यांचे हलक्या प्रतीचे ड्रायव्हर, कारखान्यातले वेग बदलणारे मोठे ड्राइव्ह ही सगळी यंत्रं बिनतारीच्या कानात खरखर घालतात. ही खरखर दोन मीटरवर जास्त, सत्तर सेंटिमीटरवर कमी.

तीन, हातातल्या सेटवरची आखूड रबरी अँटेना. दोन मीटरला खरी लांबी अर्धा मीटर हवी. कंपनी देते ती वीतभर. त्यामुळे ती लंगडी चालते. सत्तर सेंटिमीटरला पाव लाट सतरा सेंटिमीटरची, ती वीतभर अँटेनेत नीट बसते.

चार, शहरातल्या सिमेंटच्या इमारतीत, खिडकी-दारातून लहान लाट बरी शिरते.

हे चारही मुद्दे खरे आहेत. मुंबईच्या उपनगरात किंवा एखाद्या मोठ्या इस्पितळात मला रिपीटर बसवायचा असता तर मीच सत्तर सेंटिमीटरला हात वर केला असता. पण आपलं रान मुंबई नव्हे.

आपल्या रानाचा हिशेब

आपलं कार्यक्षेत्र कसं आहे? नदीकाठची खोलगट गावं, मळ्यात विखुरलेल्या वस्त्या, मध्ये मैलोन् मैल ऊस. पुराच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टात, आडसाली ऊस वर्षाचा होऊन डोक्यापेक्षा दुप्पट उंच असतो आणि पानं पावसाने निथळत असतात. पश्चिमेला शिराळ्याकडे डोंगरांच्या रांगा. हे झालं आपलं रान. आता त्यात दोन्ही लाटा सोडून बघू.

पहिली गोष्ट. दोन्ही बाजूंना त्याच जातीच्या अँटेना, तेवढेच वॉट आणि तेवढंच अंतर धरलं, तर सत्तर सेंटिमीटरवर पदरात पडणारी शक्ती दोन मीटरच्या सुमारे नवव्या भागाइतकी असते. फ्रिक्वेन्सी तिप्पट म्हणून तिनाचा वर्ग नऊ. वरच्या टोकाला, रिपीटरपाशी, उंच आणि जास्त गुणाची अँटेना लावून यातली काही तूट भरून काढता येते, हे मान्य. पण खाली गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या पोराच्या हातातल्या सेटला ती सोय नाही.

दुसरी गोष्ट. ओली पानं लाट पितात. लाट जितकी लहान, तितकी जास्त पितात. उन्हाळ्यात मोकळ्या रानात जे चालतं ते भर पावसात उभ्या उसात चालेलच असं नाही. आणि आपल्याला गरज लागणार ती नेमकी भर पावसातच.

तिसरी गोष्ट. चढ आणि टेकाडामागे सावली पडते. दोन मीटरची लाट कडेवरून थोडी वाकून सावलीत उतरते. सत्तर सेंटिमीटरची सावली जास्त गडद. शिराळ्याकडच्या वळणावळणाच्या वस्त्यांना हा फरक कळेल.

चौथी गोष्ट केबलची. यंत्र खाली आणि अँटेना वर असली की मधली केबल शक्ती खाते. नेहमी वापरतात ती दहा मिलिमीटर जाडीची केबल चाळीस मीटर धरा. यंत्रातून २५ वॉट निघाले तर दोन मीटरवर अँटेनेला सुमारे १२ वॉट पोचतात, सत्तर सेंटिमीटरवर सुमारे ६. भारी केबल घेतली तर नुकसान कमी होतं, पण मग डब्यांत वाचवलेला पैसा केबलीत जातो. पाटातून पाणी झिरपावं तसं आहे हे.

पाचवी गोष्ट हक्काची आहे, आणि शेतकऱ्याला ती लगेच कळेल. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर हौशी लोकांच्या मूळ हक्काचा आहे. ४३४ ते ४३८ वर आपल्याकडे हौशी मंडळी दुय्यम आहेत. मूळ हक्कदाराला त्रास होता कामा नये, आणि त्याच्यामुळे आपल्याला त्रास झाला तर तक्रार चालणार नाही. एका पट्ट्याचा सातबारा आपल्या नावावर, दुसऱ्यात आपण पाहुणे. पाहुण्याच्या जागेवर कोणी पक्की विहीर बांधत नाही.

सहावी गोष्ट माणसांची. आपल्या देशात हौशी रिपीटर बहुतेक दोन मीटरवरच आहेत. उद्या पूर आला आणि पुण्याहून, कोल्हापुराहून मदतीला हौशी मंडळी आली, तर त्यांच्या गाडीत दोन मीटरचा सेट असणारच. आल्या आल्या आपल्या रिपीटरवर बोलू लागतील. सत्तर सेंटिमीटरचा सेट असेल की नसेल, याचा भरवसा नाही.

आक्षेपांचं काय?

आता वरच्या चार मुद्द्यांना उत्तर देणं भाग आहे.

डबे मोठे आणि महाग, हे खरं. पण तो खर्च एकदाच आणि एकाच जागी आहे. रिपीटर एक, हातातले सेट पन्नास. अडचण यायचीच असेल तर ती एका यंत्राला यावी, पन्नास माणसांना नको.

गोंगाटाला उत्तर म्हणजे जागा. ते पुढे सांगतो. शिवाय एक गंमत आहे. पुरात वीज गेली की मोटारी बंद, दिवे बंद, इन्व्हर्टर बंद. खरखरीचा मोठा भाग आपोआप गप्प होतो. ज्या दिवशी रिपीटरची खरी गरज, त्या दिवशी खालचा गोंगाट सर्वांत कमी.

रबरी अँटेनेला उत्तर अगदी सोपं आहे. ती काढून ठेवावी. अर्धा मीटर तार आणि तिला खाली जोड द्यायला तेवढ्याच लांबीच्या तीन-चार तारा, एवढ्यावर घरी अँटेना होते. ती वीस फुटी बांबूच्या टोकाला बांधून छपरावर उभी करायची. जो जानकर माणूस असेल त्याच्याकडून एकदा मापं तपासून घ्यावीत, म्हणजे सेट जळत नाही. आपल्या पोरांना हे एका दुपारचं काम आहे.

राहता राहिल्या सिमेंटच्या इमारती. आपल्या वस्त्यांत त्या किती? आणि पुरात माणूस आत बसत नाही, छपरावर चढतो.

आधी जागा, मग पट्टा

खरं सांगायचं तर पट्ट्याचा वाद घालण्याआधी जागेचा निर्णय व्हायला हवा. तो कोणी बोलतच नाही. सगळ्यांनी गृहीत धरलंय की कारखान्याची चिमणी उंच आहे, तिथंच बसवायचा. मला हे पटत नाही. चिमणीवर उष्णता, धूर, काजळी आणि गंज. हंगाम चालू असताना दुरुस्तीला वर चढता येत नाही. आणि पायथ्याशी कारखान्याच्या सगळ्या यंत्रांची खरखर. चिमणीवरच बसवायचा हट्ट असेल, तर सत्तर सेंटिमीटरवाल्यांचा गोंगाटाचा मुद्दा भारी पडतो, हे मी कबूल करतो.

उंचीचा हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. तेवढे किलोमीटर सपाट रानात लाट पोचते. ४० मीटरवरून २६ किलोमीटर. १६० मीटरवरून ५२. उंची चौपट, अंतर दुप्पट. हातातल्या सेटचे वरती पाच किलोमीटर धरा, बांबूवरच्या अँटेनेचे दहा. ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. झाडं-डोंगर आडवे आले की ती घटते. पण यावरून एवढं कळतं की टेकडी मिळाली तर नदीच्या दोन्ही काठांची गावं एका यंत्राखाली येतात.

टेकडी म्हटली की सागरेश्वर, दंडोबा, मच्छिंद्रगड ही नावं लगेच तोंडात येतात. सागरेश्वर अभयारण्य आहे, तिथं असलं बांधकाम सहज होणार नाही. इतरही बरेच डोंगर वनखात्याच्या ताब्यात आहेत. तेव्हा नुसता डोंगर दाखवून भागत नाही, जागा कोणाची हेही बघावं लागेल. एखाद्या सभासदाच्या मालकीचं माळावरचं उंच रान, एखाद्या ग्रामपंचायतीची उंचावरची पाण्याची टाकी, असे पर्याय शोधायला हवेत. रस्ता हवा, राखण हवी आणि विजेपासून बचावाला चांगलं अर्थिंग हवं.

बॅटरीचं गणित तर दोन्ही पट्ट्यांना सारखंच आहे. २५ वॉटचा रिपीटर बोलताना बारा व्होल्टवर साधारण सहा अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना अर्धा. दिवसात सहा तास बोलला आणि अठरा तास ऐकत बसला तर ३६ आणि ९ मिळून ४५ अँपिअर-तास. पाच दिवसांचे २२५. म्हणजे दीडशेच्या दोन बॅटऱ्या तरी हव्यात. सोलरचं पॅनेल जरूर लावा, पण पुराच्या आठवड्यात ऊन दिसत नाही, म्हणून हिशेब बॅटरीवरच धरा. जो रिपीटर वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी मरतो, त्याच्यात आणि मोबाईलच्या मनोऱ्यात फरक काय राहिला?

गैरसमज नकोत

काही सभासदांना वाटतं, रिपीटर बसला की तोडणीच्या टोळीला निरोप देता येईल, गाडी कुठं अडली हे गेटवर कळेल, चिटबॉयला हाक मारता येईल. बंधूंनो, हे चालणार नाही. हौशी परवान्यावर धंद्याचं, पैशाचं कोणतंही काम करता येत नाही. कारखान्याला ऊस वाहतुकीसाठी बिनतारी हवी असेल तर त्याला वेगळा परवाना, वेगळी फ्रिक्वेन्सी आणि वेगळी फी. दोन्ही गोष्टींची मिसळ केली तर रिपीटर बंद पडेल आणि बदनामी पदरात येईल.

दुसरं असं, की बाजारात मिळतो तो स्वस्त सेट घेऊन कोणीही बोलत सुटायचं नाही. त्याला परीक्षा आहे, केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा परवाना आहे. पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. वय वर्षे बारा पूर्ण झालेलं पोरही परीक्षेला बसू शकतं. खालच्या श्रेणीला मोर्स येण्याची अट नाही. थोडी विजेची माहिती, थोडे नियम, दोन-तीन महिन्यांचा अभ्यास. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्याकडेही हौशी परवाना होता. छंद म्हणून सुरू केलेली गोष्ट आहे ही, पण अंगी शिस्त लावते. रिपीटरलाही स्वतःची रीतसर परवानगी लागते, ती परवानाधारकांच्या मंडळानेच काढावी. कारखान्याने मालक होण्याच्या भरीस पडू नये.

तिसरं, या रिपीटरवरून मुंबई गाठता येणार नाही. तो जिल्ह्यापुरता. लांबच्या गोष्टीला सात मेगाहर्ट्झचा, चाळीस मीटरचा पट्टा आहे. वीस मीटर तार दोन झाडांमध्ये ताणली की दिवसा शेकडो किलोमीटर बोलता येतं, तेही रिपीटरशिवाय. परवानाधारकांच्या मंडळाने असं एक केंद्र कारखान्याच्या आवारात ठेवलं, तर वस्तीचा निरोप दोन मीटरवर येईल आणि तिथून पुढे जाईल.

माझं म्हणणं थोडक्यात

रिपीटर दोन मीटरवर असावा. जागा उंच रानाची असावी, चिमणीची नव्हे. बॅटरी पाच दिवसांची असावी. कारखान्याने जागेची खटपट, खोली, बॅटऱ्या आणि राखण एवढं द्यावं आणि चालवण्याचं काम परवानाधारकांवर सोडावं. नदीकाठच्या प्रत्येक गावातून दोन पोरं-पोरी परीक्षेला बसवाव्यात. परवाना असलेली माणसं नसतील तर कोणत्याही पट्ट्यावरचा रिपीटर म्हणजे बेण्याविना नांगरलेलं रान.

तरीही माझ्या एकट्याच्या मतावर हात वर करू नका. नवीन जात आली की आपण आधी दोन गुंठ्यांचा चाचणी प्लॉट करतो. इथेही तसंच करावं. येत्या ऑगस्ट-सप्टेंबरात, ऊस उभा असताना आणि पाऊस पडत असताना, एका रविवारी परवानाधारक मंडळींना बोलवावं. एक माणूस टेकडीवर दोन्ही पट्ट्यांचे सेट घेऊन बसेल. दुसरे दोघे मोटारसायकलवरून नदीकाठच्या वीस ठिकाणी जातील आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही सेटवर बोलतील. वहीत तीनच रकाने ठेवायचे: नीट ऐकू आलं, तुटक आलं, आलंच नाही. कोणाचा किती खर्च येतो? मोटारसायकलचं पेट्रोल आणि दोन वेळचा चहा.

त्या वहीत सत्तर सेंटिमीटर सरस ठरला, तर सर्वसाधारण सभेत मी स्वतः उठून त्याला अनुमोदन देईन. दोन मीटर सरस ठरला, तर दुसऱ्या तटाने मन मोठं करावं. सामान पुरवणाऱ्याचं कोटेशन स्वस्त आहे म्हणून पट्टा ठरवणं मात्र साफ चूक आहे. कोटेशन देणारा पुरात आपल्या वाडीत नसतो.

परवा आबांना हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मग आदी डोंगुर बगा, वाजंत्री मागनं ठरवू." मला वाटतं, दोन्ही तटांच्या पंडितांपेक्षा आबांना विषय लवकर कळला.

सभासदांनी विचार करावा, आणि सभेत नुसतं "मंजूर, मंजूर" न म्हणता प्रश्न विचारावेत, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद